एकविसावा रकाना

प्रश्न : रिसोड तालुक्यात माझे सेवा केंद्र आहे. जुलैत पीकविम्याची मुदत संपत आली होती, दारात रांग होती आणि संगणक आपणहून बंद होऊन ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ असे दाखवू लागला. पाऊण तास गेला. रांगेतले एक आजोबा म्हणाले, ‘‘थांबलं का बाप्पा मशीन?’’ त्यात लाइट गेली असती तर? मित्र म्हणतो, अपडेट कायमचे बंद कर. भाचा म्हणतो, लिनक्स टाक, ती कधी बंद पडत नाही. खरे कोणाचे?
— एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : खरे दोघांचेही नाही. पण आधी तुम्ही न विचारलेला प्रश्न घेतो, कारण मला तोच आवडतो : संगणक बंद का व्हावा लागतो? मोबाइलमधले ॲप तर कुणाला न विचारता रात्रीत नवे होते.

विंडोजमध्ये एखादी फाइल वापरात असली की ती सहसा कुलूपबंद असते. विहिरीवरची मोटर चालू असताना पट्टा बदलता येत नाही, तसेच. म्हणून नवे भाग बाजूला मांडून ठेवतात आणि यंत्र बंद-चालू होताना, कुणीच काही वापरत नसताना, अदलाबदल उरकतात. लिनक्सची रीत वेगळी. ज्याच्या हातात जुना उतारा आहे त्याचे काम त्यावरच चालू राहते, नंतर येणाऱ्याला नवा उतारा मिळतो. म्हणून तिथे अपडेट होताना काम थांबत नाही. मात्र जुना उतारा हाती धरून बसलेला प्रोग्रॅम जुन्याच चुकांसह चालत राहतो, आणि प्रणालीचा गाभा बदलला तर तिथेही एरवी यंत्र एकदा बंद-चालू करावेच लागते. भाच्याला एवढे जरूर सांगा.

लाइटचे म्हणाल तर अर्धवट राहिलेले अपडेट बहुतेक वेळा यंत्र स्वतःच मागे घेते, कारण जुन्या फाइली तोवर जपून ठेवलेल्या असतात. बहुतेक वेळा, नेहमी नाही. मी एकदा कंटाळून बटण दाबले होते आणि दोन दिवस वहीत लिहीत बसलो. यूपीएसची बॅटरी पाऊण तास टिकत नसेल, तर दिवसाच्या लोडशेडिंगच्या वेळेत अपडेट सुरू होऊ देऊ नका.

आता मित्राचा सल्ला. त्याची भीती खोटी नाही. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली असताना क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोज यंत्रांना एक छोटी फाइल पाठवली. तिच्यामागच्या नमुन्यात २१ रकाने धरले होते आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमला मिळत होते २०. प्रोग्रॅम एकविसावा शोधायला गेला, स्मृतीतल्या नको त्या जागी पोचला आणि यंत्र निळे पडून बसले. दिवसभर फॉर्म भरणाऱ्या माणसाला ही चूक मी काय समजावणार! फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर जगातली सुमारे ८५ लाख यंत्रे आडवी झाली होती. हैदराबादच्या विमानतळावर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. ही चूक मायक्रोसॉफ्टची नव्हती. पण सुरक्षेचा तो प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात बसलेला असल्याने तो पडला तसे अख्खे यंत्र पडले. आपल्या सेवा केंद्रांत असले महागडे साधन नसते, म्हणून पीकविमा तरी त्यातून सुटला.

मायक्रोसॉफ्टचेही हात स्वच्छ नाहीत. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १०च्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या कागदपत्रांच्या फाइलीच पुसल्या. चार दिवसांत ते थांबवावे लागले, सुधारून पुन्हा आले ते नोव्हेंबरात.

मग बंदच करावे? त्याआधी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात २०१७च्या जून महिन्यात काय झाले ते ऐका. २७ जूनला युक्रेनमध्ये एक विषाणू सुटला आणि डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे संगणक त्यात सापडले. त्याच समूहाकडे असलेले बंदरातले टर्मिनल ठप्प झाले. हा विषाणू आला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. अपडेट पाठवणारा सर्व्हरच चोरांच्या ताब्यात गेला होता. मित्र इथे टाळी वाजवील. त्याला पुढचेही ऐकवा. आत शिरल्यावर तो पसरला विंडोजमधल्या ज्या भोकातून, त्याचे ठिगळ १४ मार्चलाच निघाले होते. मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा विषाणू त्याच भोकातून जगभर फिरून गेला, तरीही कित्येकांनी ठिगळ लावले नव्हते. (चोरलेल्या पासवर्डांवरही तो पसरत होता, त्यामुळे ठिगळ लावलेलेही काही बुडाले. सगळे ठिगळाच्या माथी मारता येत नाही.)

माझे मत असे : अपडेट घ्यायचेच, पण मुहूर्त आपण काढायचा. पहिल्या दिवशी नको, महिनाभर लांबवायलाही नको. मायक्रोसॉफ्टची नेहमीची ठिगळे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. म्हणजे धोक्याचा दिवस बुधवार. सेटिंगमध्ये ‘पॉज’ आहे, तिथून आठवडाभर थांबवा. तेवढ्यात मोठी गडबड असली तर ओरड होतेच, आणि ती सोसायला आपल्याआधी पुष्कळ लोक असतात. थोडे स्वार्थी आहे, मान्य. ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये केंद्राची पूर्ण वेळ घाला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवा, म्हणजे बहुतेक अपडेट तुमचा डेटा परस्पर खाणार नाही.

विंडोज १० असेल तर प्रश्न वेगळा आहे. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती ग्राहकांना जादा सुरक्षा-ठिगळांची मुदत मिळाली ती ऑक्टोबर २०२६पर्यंतच. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. जुन्या यंत्रांपैकी बरीच इथे अडतात, आणि इथे भाच्याचे म्हणणे जड होते. जुन्या यंत्रावर लिनक्स बरी चालते. सर्वांत नवी घेऊ नका. २०२४च्या मार्चअखेरीस लिनक्समधल्या ‘एक्सझेड’ नावाच्या साधनाच्या नव्या आवृत्तीत कुणीतरी लपवलेले चोरदार सापडले, तेही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून एका अभियंत्याने खोदून पाहिले तेव्हा. डेबियन या लिनक्सची ‘स्टेबल’ आवृत्ती त्यातून वाचली, कारण तिच्यात ते साधन जुनेच होते.

पण केंद्राच्या मुख्य यंत्रावर हात घालण्याआधी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून बघा. थंब मशीन बोट ओळखते का, सहीचा टोकन दिसतो का, प्रिंटर कागद ओढतो का, हे तिन्ही तपासा. माझा अंदाज, पहिल्या दोहोंपैकी एक अडेल. तसे झाले तर जुन्या यंत्रावर लिनक्स टाकून ते झेरॉक्स-प्रिंटसाठी ठेवा, आणि अर्जांसाठी जुलैची रांग लागायच्या आत दुसरे यंत्र बघा.