सैन्यसेवेत राहून वैद्यकीय शिक्षणाची पूर्वतयारी

सैनिकी सेवेची परंपरा सांगणारी अनेक गावे महाराष्ट्रात आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या गावाने तर ती परंपरा आपल्या नावातच जपली आहे. अशा गावांतील तरुण दहावी-बारावी होताच सैन्यात भरती होतात. त्यांपैकी काहींच्या मनात पुढे डॉक्टर होण्याची इच्छा मूळ धरते. वैद्यकीय दलात नर्सिंग असिस्टंट म्हणून जखमींची शुश्रूषा करणाऱ्या जवानाला तसे वाटणे तर स्वाभाविकच आहे. रजेवर आलेला असा तरुण शाळेतील गुरुजींकडे किंवा सरपंचांकडे सल्ला मागतो, तेव्हा त्याला काय सांगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खरी अडचण कोणती?

बुद्धी किंवा चिकाटी यांची उणीव ही येथील मुख्य अडचण नव्हे. अखंड वेळ आणि विज्ञानाचा पाया या दोन गोष्टी जवानाला दुर्मिळ असतात. इतिहास वा भाषा यांचा अभ्यास बराकीत बसून करता येतो. परंतु रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ठरावीक दिवशी स्वतः हजर राहावे लागते. बदली झाली किंवा तुकडी सीमेवर गेली की ही साखळी तुटते.

अमेरिकेतील एक प्रयोग

अमेरिकेत ही अडचण ओळखून उपाय योजण्यात आला. तेथे सैन्यासाठी डॉक्टर तयार करणारे युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस विद्यापीठ १९७२ च्या कायद्याने स्थापन झाले. या विद्यापीठाने २०१४ साली सामान्य सैनिकांसाठी दोन वर्षांचा पूर्वतयारी अभ्यासक्रम सुरू केला. त्या देशात पदवी घेतल्यानंतरच वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश मिळतो. म्हणून पदवीधर, पण विज्ञानाचे आवश्यक विषय न झालेल्या निवडक सैनिकांना व्हर्जिनिया राज्यातील जॉर्ज मेसन विद्यापीठात पाठविले जाते. या काळात त्यांची नोकरी व वेतन चालू राहते. अभ्यास हेच त्यांचे कर्तव्य मानले जाते. जीवशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र यांच्या अध्यापनाबरोबरच प्रवेश परीक्षेची तयारी आणि मार्गदर्शन यांचीही व्यवस्था असते. मात्र प्रवेशाची हमी कोणालाही नसते. संधी दिली जाते. गुणवत्ता ज्याची त्यानेच सिद्ध करावयाची असते. सैनिकाला प्रथम वेळ द्यावा लागतो, हाच या प्रयोगाचा बोध होय.

आपल्याकडील वाट

आपल्याकडे एम. बी. बी. एस. चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. हे शिक्षण पूर्णवेळ असल्याने जवानाची नोकरी सांभाळून ते करता येत नाही. म्हणून तयारी सेवेत आणि प्रवेश सेवेनंतर, असा क्रम मनाशी ठरवावा लागतो.

दोन निर्णयांमुळे ही वाट थोडी रुंद झाली आहे. 'नीट' परीक्षेची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये उठविण्यात आली. तसेच बारावीनंतर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही ही परीक्षा देण्यास २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय मात्र या बाबतीत वेगळे आहे. तेथे उमेदवार अविवाहित आणि २४ वर्षांच्या आतील असावा लागतो. सैन्यात आहोत म्हणजे तेथे प्रवेश सुलभ होईल, हा समज चुकीचा आहे.

२०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेमुळे या विषयाला विशेष महत्त्व आले आहे. चार वर्षांच्या सेवेनंतर कमाल २५ टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद त्या वेळी करण्यात आली. उरलेल्यांना ऐन तारुण्यात नवी दिशा शोधावी लागणार, हे उघड आहे.

अभ्यासाची आखणी

'नीट' मध्ये १८० प्रश्न व ७२० गुण असतात. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ९० प्रश्न जीवशास्त्राचे असतात. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. त्यामुळे अंदाजाने उत्तरे लिहिणे अंगाशी येते. जीवशास्त्राचे वाचन कर्तव्यावरून परतल्यावर तासभर बसूनही पुढे नेता येते. भौतिकशास्त्रातील उदाहरणांना मात्र सलग बैठक लागते. ती रजेसाठी राखून ठेवावीत. अग्निवीराला वर्षाकाठी ३० दिवसांची रजा मिळते. तिचा काही भाग तरी अभ्यासाला मिळाला पाहिजे. अर्ज भरण्यापूर्वी आपल्या तुकडीच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेणे हिताचे ठरते.

गावाने काय करावे?

भरतीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला विज्ञान शाखा सोडून देण्याचा सल्ला शिक्षकांनी सहसा देऊ नये. पुढे डॉक्टर होण्याची इच्छा झाली, तर तेच विषय त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागतात. ज्याचे ते विषय राहिले असतील, त्याला अतिरिक्त विषयांची माहिती द्यावी. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात अकरावी-बारावीच्या विज्ञान पुस्तकांचा एक संच ठेवणे फारसे खर्चाचे नाही. रजेवर आलेल्या जवानाला तेथे एक शांत कोपरा मिळावा.

या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला यश येईलच असे नाही. परंतु शिस्त अंगी बाणलेला, जखम आणि वेदना जवळून पाहिलेला तरुण डॉक्टर होऊन परतला, तर त्याचा लाभ गावालाच होणार आहे. वेळ आणि माहिती यांच्या अभावी त्याची उमेद वाया जाऊ नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावयास हवी.