कुत्र्याचे दात साफ करायचेत? आधी बिल समजून घ्या

फोनवर ‘स्केलिंगचे चार हजार’ ऐकून जायचं आणि निघताना नऊ-दहा हजार भरायचे, हे सहज घडतं. त्या चार हजारांत बहुतेकदा फक्त दातांवरचं किटण खरवडणं धरलेलं असतं. भूल वेगळी, रक्ततपासणी वेगळी, सलाइन वेगळं, काढलेला प्रत्येक दात वेगळा. म्हणून फोनवरच विचारा, ‘सगळं धरून किती?’ आणि अंदाजपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या.

पुण्या-मुंबईच्या खासगी दवाखान्यांत ढोबळ हिशेब असा धरा. तपासणी फी ५०० ते १,००० रुपये. भुलीआधीची रक्ततपासणी, म्हणजे सीबीसी, लिव्हर आणि किडनी, १,००० ते २,५००. भूल देऊन स्केलिंग आणि पॉलिशिंग ४,००० ते १०,०००. भुलीचं औषध वजनावर ठरतं, त्यामुळे लॅब्रेडॉरचं बिल पगपेक्षा जास्त येणारच. दात काढायचा झाला तर हलणारा पुढचा दात काही शेकड्यांत निघतो. वरची तीन मुळांची दाढ मात्र दोन-अडीच हजारांपर्यंत जाते. कुत्रा म्हातारा असेल तर छातीचा एक्स-रे किंवा ईसीजी सांगतील. तिथे काटकसर नको. पॉलिशिंगलाही नको: खरवडलेला दात खरखरीत राहिला की त्यावर थर लवकर चढतो.

स्वस्तातला मार्ग म्हणून ‘बिनभुलीची सफाई’ सुचवली जाईल. त्यात दात पांढरे दिसतात, फोटो छान येतो, पण खरी घाण हिरडीखाली असते आणि जागा कुत्रा तिथे हात लावू देत नाही. ग्रूमिंग पार्लरमधलं दोन-तीनशे रुपयांचं ‘टीथ क्लीनिंग’ म्हणजे नुसता ब्रश. तेवढं तुम्ही घरी कराल. पार्लरवाल्याने लोखंडी अवजार काढलं तर थांबवा.

कमी खर्चात करायचं असेल तर मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, पुण्यात औंधचं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना इथे चौकशी करा. आधी फोन करून स्केलिंगचं यंत्र चालू आहे का आणि त्या कामाचा वार कोणता, हे विचारा. नाहीतर हेलपाटा पडतो.

सोबत लसीकरणाचं कार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी न्या. किती तास उपाशी ठेवायचं ते आदल्या दिवशी विचारून घ्या. काम तास-दीड तासाचं, पण भूल उतरेपर्यंत अर्धा दिवस मोडतो. शनिवारची वेळ घेऊ नका: रात्री रक्त आलं तर रविवारी दवाखाना बंद. संमतीपत्रावर ‘गरजेनुसार दात काढणे’ असं छापलेलं असेल, तर शेजारी ‘फोनवर विचारून’ असं लिहून मगच सही करा.

पैसे वाचवायची खरी जागा दुसरीच आहे. पॉमेरेनियन, शिह त्झू अशा लहान जातींत बऱ्याचदा दुधाचे सुळे सहा-सात महिन्यांनंतरही पडत नाहीत आणि पक्क्या दातांना खेटून बसतात. नसबंदी करायचीच असेल तर त्याच भुलीत ते काढून घ्या. एका भुलीचा खर्च वाचतो.

घरी रोज ब्रश करा, कारण मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो. कुत्र्यांची पेस्ट दोन-चारशे रुपयांत मिळते. तुमची पेस्ट वापरू नका: कुत्रा ती गिळतो, त्यातलं फ्लोराइड त्याला चालत नाही आणि झायलिटॉल असेल तर ते विषच. शिजवलेली हाडं बंद. त्यांनी दाढ फुटू शकते, आणि मग वर सांगितलेले अडीच हजार.

डोळ्याखाली अचानक सूज आली तर डोळ्याचे थेंब घालत बसू नका. बऱ्याचदा ते वरच्या दाढेचं गळू असतं. खाताना घास पडणं, एकाच बाजूने चावणं, तोंडाला उग्र वास, यांपैकी काही दिसलं तरी लगेच दाखवा.

पाळीव प्राण्यांचा विमा काढला असेल तर सफाईचे पैसे त्यातून मिळतील असं गृहीत धरू नका. पॉलिसीतले दातांविषयीचे अपवाद वाचा. आणि दवाखान्यातून निघताना दोन गोष्टी विचारा: अँटिबायोटिक बिलात धरलंय का, आणि आठवड्याने दाखवायला यायचं तर पुन्हा फी पडेल का?