मळलेली वाट माणसांचीच असते असं नाही

आम्ही फलटणकर डोंगराला बुजणारी माणसं नाही. ताथवड्याचा संतोषगड, त्याच्या पलीकडचा वारूगड, शिखर शिंगणापूर ही आमची नेहमीची उठबस. चैत्रात मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून कावडी वर चढताना ज्यानं पाहिल्या, त्याला चढणीचं फारसं कौतुक राहत नाही. पण महादेवाची ही सगळी रांग उघडीबोडकी आहे. खुरटं गवत, बाभळी, निवडुंग. चार पावलं वर गेलं की खालचं गाव, ओढा, डांबरी रस्ता सगळं नजरेत येतं. वाट चुकली तर डोळेच ती शोधून देतात. शिवाय इथली कुठलीही मळलेली वाट धरा, ती माणसापाशी जाते. मेंढपाळाच्या वाड्यावर, वस्तीवर, नाहीतर विहिरीवर.

ही सवय पायांत मुरवून आपण साताऱ्याच्या पश्चिमेला जातो आणि तिथं ती अंगाशी येते. आमच्या बाबतीत ती वासोट्याच्या रानात आली.

वासोटा म्हणजे शिवाजी महाराजांनी व्याघ्रगड नाव दिलेला किल्ला. उंची 4,000 फुटांहून अधिक. साताऱ्याकडून जाताना कोयना धरणाचं पाणी, म्हणजे शिवसागर, ओलांडल्याशिवाय पायथा लागत नाही. सातारा, कास, बामणोली, मग वनखात्याची परवानगी, मग लाँच. पलीकडच्या काठावर मेट इंदवली हे गाव होतं. आता गाव नाही, नावच उरलंय. कोयना अभयारण्य 1985 सालचं. 2010 साली ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा आणि बफर धरून क्षेत्र साधारण 1,165 चौरस किलोमीटर. धरणामुळे आणि अभयारण्यामुळे या खोऱ्यातली कितीतरी गावं उठली. ट्रेकला जाणाऱ्यानं यातली एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: या रानात वाटा आहेत, पण त्यांच्या टोकाला माणूस नाही. मराठेशाहीत हा किल्ला तुरुंग म्हणून वापरला जायचा. 1818 मध्ये इंग्रजांनी तो घेतला तेव्हा त्यांचेच दोन अधिकारी वर कैदेत सापडले. जागा कोणी निवडली माहीत नाही, पण निवडणाऱ्याला रान कळत होतं. पळून जाणार तरी कुठं?

तर आमची मंडळी. फलटणहून पहाटे चारला निघालेलो, आदर्की घाटाच्या वाटेनं साताऱ्यात, तिथून कासवरून बामणोली. परवानगी, पिशव्या तपासून प्लास्टिकच्या वस्तूंची मोजदाद, लाँचमधला दीड तास. पायथ्याचा ओढा आणि मारुती-गणपतीच्या मूर्ती मागं टाकल्या तेव्हा दहा वाजून गेले होते. खालचं रान सदाहरित. अंजनी, जांभूळ, पिसा. भर दुपारी आत संध्याकाळ असते. तासभर चढल्यावर झाडी विरळ होते, कारवी लागते, आणि तिथं वाट फुटते. उजवी वासोट्याला, डावी नागेश्वरच्या गुहेकडे.

पुढचे लोक उजवीकडे वळून गेले. दाजी आणि आमच्या चुलत्यांचा धाकटा पोरगा पाणी प्यायला मागं थांबले होते. फाट्यावर आले तेव्हा पुढं कोणी नाही. डावीकडची वाट त्यांना जास्त रुंद दिसली. पुढं तिच्यातूनही एक वाट खाली उतरत होती, ती आणखी रुंद. दाजी म्हणाले, "वाट हाय म्हंजी कुठंतरी जाणारच."

ती वाट गव्यांची होती.

आम्ही गडावर, बिनछपराच्या मारुतीपाशी वाट बघत बसलो. अर्धा तास झाला, पाऊण झाला. हाका मारल्या, पण दाट रानात हाक जात नाही. पानं ती पिऊन टाकतात. मोबाइलला रेंज नव्हतीच. आमच्याबरोबरचा बामणोलीकडचा वाटाड्या काही न बोलता फाट्यावर उतरला. डावीकडे थोडं आत गेला, एका जागी वाकला आणि म्हणाला, हे इकडं गेलेत. नागेश्वरच्या वाटेवरून खाली फुटणाऱ्या त्या वाटेच्या तोंडाशी चेहऱ्याच्या उंचीवर कोळ्याचं जाळं होतं. अर्धं फाटलेलं, धागे अजून हलत होते. पलीकडे शेण, आणि मऊ मातीत दुभंगलेल्या खुरांवर उमटलेला बुटाचा ठसा.

ही खूण तेव्हापासून मी कधी विसरलो नाही. सकाळच्या वेळी वाटेवर तोंडाला जाळी लागत असतील तर त्या वाटेनं आज माणूस गेलेला नाही. माणसांच्या वाटेवर आणखीही खुणा असतात: कोयत्यानं छाटलेली फांदी, बुटांनी घासून गुळगुळीत झालेला दगड, चुकून पडलेला गोळीचा कागद. गव्याची वाट छान रुंद असते, कारण जनावरच तेवढं मोठं. डुकराची आणि भेकराची वाट खाली मोकळी, पण छातीच्या वर वेलींनी बंद. वाकून चालावं लागायला लागलं की समजावं, ही वाट आपल्यासाठी केलेली नाही.

दोघं सापडले ते पोराच्या हट्टामुळे. दाजींचं म्हणणं होतं की खाली ओढा दिसतोय, ओढ्यानं उतरत गेलं की पाणी लागेल, पाण्याकाठी लाँच असेल. फलटण तालुक्यात हा हिशेब बरोबर आहे. कोयनेत तो जीव घेऊ शकतो. पूर्वेकडे उतरणारा ओढा शिवसागरला मिळेलही, पण वाटेत घसरडे टप्पे असतात आणि काठ लागला तरी तो भलताच, तिथं लाँच नाही, माणूस नाही. पश्चिमेकडचा असेल तर तो कोकणकड्यावरून सरळ खाली. पोरगा म्हणाला, मी इथून हलणार नाही, आणि दगडावर बसला. गळ्यात शाळेच्या खेळाच्या तासाची शिट्टी होती, ती वाजवत राहिला. हाकेपेक्षा शिट्टी लांब जाते हे मला त्या दिवशी कळलं. चुकलेल्यानं हेच करावं: थांबावं, बसावं, तीन-तीनदा शिट्टी फुंकावी. मागची खात्रीची जागा आठवत असेल आणि उजेड असेल तरच तेवढं मागं यावं. नवी वाट काढायला जाऊ नये.

वारीची पालखी फलटणला विमानतळावर मुक्कामाला असते तेव्हा लाखाच्या गर्दीत हरवलेली म्हातारीसुद्धा रथापुढची की मागची आणि कितवी दिंडी एवढं सांगून आपल्या माणसांत पोचते. रानात तसा नंबर नसतो, म्हणून तो आपणच तयार करायचा. दमदार गडी शेवटी ठेवायचा, सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याला पुढून दुसरा. आणि फाटा आला की शेवटचा माणूस दिसेपर्यंत कोणी पाऊल उचलायचं नाही. याला लोक कंटाळतात, विशेषतः तरणी पोरं. कंटाळू द्यावं.

खाली पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. लाँचवाला काठावर उभा. "पाव्हणं, अजून थोडा येळ झाला असता तर मला चौकीत सांगाय लागलं असतं." अभयारण्यात रात्री राहायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

म्हणून माझ्या मते या ट्रेकची सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे माघारी फिरण्याची वेळ. ती घरून ठरवून न्यावी, वर गेल्यावर मतदान घेऊ नये. दुपारी दोनला, असाल तिथून पाठ फिरवायची, गडावरून दिसणारा बाबूकडा बघायचा राहिला तरी. उतरायला दोन तास, पाण्यावर दीड तास, म्हणजे बामणोली साडेपाच. फलटणहून एका दिवसात हे गळ्याशी येतं. आदल्या रात्री बामणोलीला मुक्काम करावा, सकाळची पहिली लाँच धरावी.

दुखापतीचा हिशेबही याच घड्याळावर मांडावा. वर कोणाला साप चावला तर त्याला खाली आणणं, लाँच, मग घाटरस्त्यानं सातारा, असे पाच-सहा तास सहज जातात. त्यामुळे चीर देणं, आवळून बांधणं, चोखणं असले प्रकार करू नयेत. चावलेला भाग हलू न देता माणसाला उचलूनच आणायचं. या रानात हिरवा चापडा फांदीवर पानासारखा पडून असतो, तेव्हा न बघता फांदीला हात घालू नये.

आग्या मोहोळाची मात्र मला सापापेक्षा जास्त भीती वाटते. किल्ल्यांच्या कड्यांना ही पोळी लटकलेली असतात. धूर, अत्तर, डिओ, आरडाओरडा, दगड, यांतलं काहीही पुरतं. माशा उठल्या तर हात झाडत उभं राहू नये. तोंड आणि डोकं कापडानं झाकून दाट झाडीत शिरावं, कड्यापासून लांब, आणि जमेल तेवढं दूर जावं. नांग्या नखानं झटपट खरवडून काढाव्यात. ओठ, जीभ सुजायला लागली किंवा दम लागला तर ट्रेक तिथंच संपला, तडक खाली.

गवा आडवा आला तर थांबायचं. त्याला जायचं असतं, आपल्याला फोटो हवा असतो, भांडण एवढंच. अस्वलासाठी वळणावर आपापसात साधं बोलत चालावं. त्याला आपली चाहूल आधी लागली की ते स्वतःहून बाजूला होतं, अचानक समोर आलो तर नाही.

पाणी माणशी तीन लिटर. वर टाकं आहे, पण त्याच्या भरवशावर निघू नये. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, पिशवीत विजेरी, फोनमध्ये आधी उतरवून घेतलेला नकाशा. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, तेव्हा चोरवाटेनं नेतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला नमस्कार करून घरी यावं. स्थानिक वाटाड्याचे पैसे वाचवू नयेत, आणि त्याला पुढं नव्हे तर फाट्यांवर मागं ठेवावं.

दाजी अजून म्हणतात की तो ओढा बरोबर लाँचपाशीच उतरला असता. आम्ही ऐकून घेतो. पुढच्या ट्रेकला त्यांना पुढून दुसरं ठेवलंय.