शेवटचा परिच्छेद

कथालेखनाची उमेद बाळगणारे तरुण माझ्याकडे अधूनमधून येतात, आणि कथेची सुरुवात कशी करावी हा त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. ती संपवावी कुठे, असे मात्र क्वचितच कोणी विचारते. वस्तुतः नवोदिताची कथा बिघडते ती बहुधा तेथेच, आणि याचा प्रत्यय माझी पहिली कथा छापून आली त्याच दिवशी मला आला.

त्या कथेचा विषय मला नोकरीतून मिळाला होता. महसूल खात्यात कारकून असताना दप्तर-तपासणीच्या निमित्ताने तलाठ्यांच्या सज्जांवर जाणे होई, आणि तेथे वारसनोंदीचे अर्ज घेऊन आलेली माणसे मी पाहत असे. खातेदार वारला की मृत्यूचा दाखला जोडून वारसांनी अर्ज द्यायचा, तलाठ्याने जबाब घेऊन गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नावे चढवायची, मग फेरफार धरायचा आणि वरच्या अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा, असा तो शिरस्ता. माझ्या कथेतली विधवा अशाच अर्जासाठी सज्जावर येते. तलाठी विचारतो, “मुलं किती?” ती म्हणते, “तीन.” नावे सांगताना मात्र ती दोघांचीच सांगते. तलाठी लिहिता लिहिता थांबतो, तिच्याकडे बघतो, आणि दुसऱ्या नावाखाली रेघ ओढून अंगठ्यासाठी शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवतो. बायकोपोरांवाचून, बापाच्या आधीच गेलेल्या मुलाला त्या नोंदवहीत रकाना नसतो. त्याच्यासाठी जागा कथेत असावी एवढ्याच हेतूने मी ती लिहिली होती, आणि पॅड सरकवल्याच्या वाक्यावर ती संपत होती.

एका दिवाळी अंकाने ती स्वीकारली. अंक हाती आला तेव्हा त्या वाक्याखाली आणखी एक परिच्छेद छापलेला होता: धाकटा मुलगा विहिरीत बुडून गेला होता, आई पोटच्या गोळ्याला कधी विसरत नाही, आणि त्या माउलीकडे पाहताना तलाठ्याचेही डोळे पाणावले. मला विचारण्यात आले नव्हते. मी पत्र लिहून खुलासा मागितला, त्यावर वाचकांना उलगडा हवा असतो असे उत्तर आले.

त्या चार ओळींनी काय केले ते नव्याने लिहिणाऱ्यांनी बारकाईने पाहावे, कारण अशा ओळी पुष्कळदा संपादकाच्या नव्हे तर लेखकाच्याच लेखणीतून उतरतात. तीन आणि दोन यांतले अंतर वाचकाने आपल्या मनाशी मोजायचे होते. ते त्याला मोजून दिले गेले. विहीर आल्याबरोबर त्याचे लक्ष बाईवरून उठून अपघाताकडे गेले. आई विसरत नाही या सर्वमान्य विधानाने ती एक विशिष्ट बाई, जिने सवयीने तीन म्हटले आणि मग स्वतःच दोनवर आली, ती नाहीशी होऊन तिच्या जागी कोणतीही आई उभी राहिली. आणि तलाठी रडला, तेव्हा वाचकाच्या वाट्याला काही उरलेच नाही. याहून चिंतेची बाब अशी की, अभिनंदनाची जी पत्रे आली त्यांत नेमक्या याच परिच्छेदाची वाखाणणी होती. पहिल्या कौतुकाने माणूस हरखतो, आणि ज्याची स्तुती झाली तेच पुढच्या कथेत आपण होऊन लिहू लागतो. माझ्या पाहण्यात चांगली नजर असलेले कित्येक लेखक अशा रीतीने गोड शेवटांच्या कह्यात गेले आहेत.

म्हणून नवोदितांना माझे पहिले सांगणे असे की, पहिल्या कथेसाठी एक लहानसा प्रसंग निवडावा, आणि तो अशा जगातला असावा की जेथील कामकाज, वस्तू आणि बोलण्याची ढब आपल्याला विचारून घ्यावी लागत नाही. सहा पानांत नायकाचे बालपण, विवाह आणि उत्तरायुष्य कोंबण्याचा मोह आवरावा. ज्या क्षणी एखादी गोष्ट कायमची बदलते किंवा बदलता बदलता राहते, त्या क्षणाच्या शक्य तितके जवळून आरंभ करावा. पहिला खर्डा पूर्ण झाला की तो काही दिवस बाजूला ठेवून, मग शेवटचा परिच्छेद हाताने झाकून वाचावा. पुष्कळदा कथा त्याच्या आधीच्या परिच्छेदात संपलेली आढळते.

वाचनाच्या बाबतीत माझा आग्रह जरा जुन्या वळणाचा आहे. ना. सी. फडके यांचे तंत्रविषयक लेखन आज मागे पडले असले तरी ते अवश्य वाचावे, कारण कथा रचावी लागते ही जाणीव त्यातून पक्की होते. आणि मग गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्याकडे वळावे, म्हणजे कलाटणीवाचूनही कथा कशी उभी राहते ते कळेल. दिवाकर कृष्णांचा १९२३ सालचा ‘समाधी व इतर सहा गोष्टी’, माडगूळकरांची १९४९ची ‘माणदेशी माणसं’, शंकर पाटील यांचा ‘वळीव’, बाबूराव बागूल यांचा १९६३चा ‘जेव्हा मी जात चोरली होती’, एवढी पुस्तके कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळतात. त्यांतील एखादी कथा शेवटच्या पानाआधी थांबवून तिचा शेवट आपण लिहून पाहावा, आणि मगच मूळचा वाचावा. या अभ्यासाने मला जितके शिकवले तितके कोणत्याही व्याख्यानाने शिकवले नाही.

माझ्या अनुभवावरून संपादकवर्गाविषयी आकस धरणे मात्र अन्यायाचे होईल. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी पत्रव्यवहार करून, त्रुटी दाखवून, कथा पुन्हा लिहवून घेण्याची जी प्रथा जोपासली, तिचा मराठी कथेवर मोठा उपकार आहे. तेथे दुरुस्ती लेखकाच्याच हातून होत असे. कथा साभार परत आली आणि सोबत दोन ओळींचे कारण असले, तर ते पत्र जपून ठेवावे.

कथा पाठवताना मूळ प्रत आपल्यापाशी राहू द्यावी, आणि मजकुरात फेरफार करावयाचा असल्यास आधी कळवावे, एवढे एक वाक्य सोबतच्या पत्रात न संकोचता लिहावे. लेखनाची विपर्यस्त मोडतोड होऊन लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध येत असेल, तर हरकत घेण्याचा हक्क १९५७च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५७ने त्याला दिलेला आहे, आणि तो स्वामित्वहक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही शाबूत राहतो. तथापि कोर्टकचेरीपेक्षा ते एक वाक्य केव्हाही सोयीचे. ‘सहभाग शुल्क’ भरून ज्या प्रातिनिधिक संग्रहात कथा घेतली जाते, तेथे ती कोणी निवडलेली नसते, हेही ध्यानात असावे.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. ज्यांच्या वहीत एखादी कथा पुरी होऊन पडली असेल, त्यांनी तिचा शेवट एकदा नीट तपासून ती यंदाच पाठवावी, आणि होकार येवो वा नकार, उत्तराची वाट न पाहता दुसरी लिहावयास घ्यावी.