पोटदुखीचं कारण पोटात नव्हतं

सिलेक्टिव्ह हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेआधी काही महिने दर रविवारी संध्याकाळी माझ्या मुलीचं पोट दुखायला लागायचं. ओवा देऊन झाला, पोटावर हिंग लावून झालं, रक्त-लघवीच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट सगळे चांगले. शुक्रवारी रात्री मात्र तीच मुलगी पोटभर पावभाजी खायची. आमच्या जीपी डॉक्टरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात आणखी कोणाची झोप बिघडली आहे का?"

बिघडली होती. माझी.

माझं ऑफिस सिडनीत आणि निम्मी टीम पुण्यात. हिवाळ्यात सिडनीचं घड्याळ भारताच्या साडेचार तास पुढे असतं, डेलाइट सेव्हिंग सुरू झालं की साडेपाच. पुण्यात संध्याकाळचे पाच, म्हणजे आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ. लेकीची झोपायची वेळ आणि माझा कॉल सुरू व्हायची वेळ एकच. त्यात साताऱ्याला वडील आजारी. कॉल संपला की भावाला फोन, आणि मग पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचं.

न्यू साउथ वेल्समधल्या मराठी घरांत सिलेक्टिव्हच्या या परीक्षेचा केवढा बोलबाला असतो! चौथीत ओसीची, म्हणजे ऑपॉर्च्युनिटी क्लासची परीक्षा, सहावीत सिलेक्टिव्हची, तिचे अर्ज पाचवीतच सुरू होतात. वाचन, गणित, थिंकिंग स्किल्स आणि लेखन असे चार भाग. शनिवारी क्लास, रविवारी मॉक टेस्ट. सत्यनारायणाच्या प्रसादालाही कोणाचा मुलगा जेम्स रूस या सिलेक्टिव्ह शाळेत लागला याचीच चर्चा. मुलं ते सगळं ऐकत असतात.

डॉक्टरांनी आम्हाला सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. मुलगी तिथे जे बोलली ते तिच्या परवानगीने मला कळलं, आणि ते मी जन्मात विसरणार नाही. ती म्हणाली होती, "आई रात्री फोनवर रडते. मला सिलेक्टिव्ह मिळालं की ती रडणार नाही." आजोबांच्या आजारपणाचं आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. मग माझ्या रडण्याचं कारण तिनेच शोधून काढलं आणि त्यावरचा उपायही स्वतःच्या अंगावर घेतला. अकरा वर्षांच्या मुलीने!

ही पोटदुखी नाटक नसते, एवढं आधी समजून घ्यायला हवं. धोका वाटला की शरीरात अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, हृदयाची धडधड वाढते आणि पचनाचं काम मंदावतं. पोट खरोखरच दुखतं. परीक्षेच्या सकाळी होणारी धाकधूक चांगलीच. पेपर झाला की ती जाते. आठवडे उलटले तरी जात नाही, तो ताण काळजीचा. लहान मुलांत तो पोट, डोकं, चिडचिड, हट्ट यांतून बोलतो, कधी आवडता खेळ सोडून देण्यातून. मोठ्यांत उडालेली झोप, अॅसिडिटी, आखडलेली मान, क्षुल्लक कारणावरून मुलांवर ओरडणं. आपण त्याला "कामाचं टेन्शन" म्हणतो आणि पुढे जातो.

आता व्यवहाराचं. जीपीची वेळ घेताना लाँग अपॉइंटमेंट मागा. दहा मिनिटांत हे बोलून होत नाही. गरज वाटली तर डॉक्टर मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन करून देतात. त्यावर मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेकडून एका कॅलेंडर वर्षात सायकॉलॉजिस्टच्या 10 भेटींपर्यंत पैशांची मदत मिळते. पहिल्या 6 भेटींनंतर पुन्हा जीपीकडे जावं लागतं. लहान मुलांनाही हा प्लॅन मिळतो. मेडिकेअर सगळी फी देतंच असं नाही, म्हणून खिशातून किती जाणार हे आधीच विचारा. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बहुतेक भारतीयांना मेडिकेअर नसतं. त्यांनी आपल्या हेल्थ इन्शुरन्समध्ये काय बसतं ते आजारी पडायच्या आधी वाचून ठेवावं. शाळेत काउन्सेलर असतात, वर्गशिक्षकांमार्फत त्यांना भेटता येतं. किड्स हेल्पलाइनचा नंबर 1800 55 1800. 5 ते 25 वर्षांच्या कोणालाही तिथे दिवसरात्र फुकट बोलता येतं. हा नंबर मुलांना पाठ करून द्या. आपल्याला न सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही असू शकतं, आणि त्यात आपला अपमान नाही.

कामाच्या बाबतीत 26 ऑगस्ट 2024 पासून ऑस्ट्रेलियात 'राइट टू डिस्कनेक्ट'चा कायदा आहे; छोट्या कंपन्यांना तो वर्षभराने लागू झाला. साहेबाने रात्री फोनच करायचा नाही, असं कायदा म्हणत नाही. कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क तो देतो, आणि तोही नकार अवाजवी नसेल तरच. पण स्पॉन्सरच्या व्हिसावर असलेल्याला असा हक्क बजावायची छाती होत नाही. नोकरी गेली तर घर, शाळा, देश सगळंच हलतं. ही भीती खरी आहे, आणि तिची चर्चा आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत व्हायला हवी असं मला फार वाटतं. मी कायद्याची भाषा न करता एवढंच विचारलं की रात्रीची मीटिंग दुपारी तीनला ठेवता येईल का. हिवाळ्यात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. टीमलाही तेच हवं होतं!

घरात आम्ही रविवारची मॉक टेस्ट बंद केली. 5 ते 13 वर्षांच्या मुलांना रात्री 9 ते 11 तास झोप लागते, म्हणून दिवे लवकर मालवायला लागलो. आजोबांना काय झालंय ते तिला सोप्या शब्दांत सांगितलं आणि फोनवर तिलाही बोलू दिलं. परीक्षा तिने दिली. प्रवेश मिळाला नाही. आज ती घराजवळच्या सरकारी हायस्कूलमध्ये जाते, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, आणि रविवारी संध्याकाळी तिचं पोट दुखत नाही.

मूल किंवा मोठं माणूस जगणं नकोसं झाल्याचं बोललं, तर वेळ ठरवत बसू नका. लाइफलाइन 13 11 14, आणि जिवाला धोका दिसत असेल तर थेट 000. एरवी या आठवड्यात जीपीला फोन करा. मुलासाठी वेळ घ्याल, तेव्हा स्वतःसाठीही एक मागून घ्या.