ताका उलगडून पाहा, मगच भाव ठरवा
शाळेचा निकाल आणि दुकानाचा कारभार तपासण्याची पाहणी-पद्धत

कपड्याच्या धंद्यात पहिला धडा मिळतो तो ताका उलगडून पाहण्याचा. वरच्या दोन घड्या नेहमी चांगल्याच असतात. खोट असली तर ती आत असते. म्हणून अनुभवी खरेदीदार गाठीतले चार ताके स्वतः निवडतो, विकणारा पुढे करील ते घेत नाही. प्रत्येक ताका मधून आणि शेवटून उलगडतो, मगच भाव बोलतो. संपूर्ण गाठ मीटर-मीटर पाहणे कोणाला परवडत नाही आणि त्याची गरजही नसते.

नमुना पाहणीचे सारे शास्त्र या एका सवयीत आहे. शाळा कशी चालते, संस्था कशी चालते, नोकर समाधानी आहेत की नाहीत, हे तपासायलाही तीच सवय लागते. पण दुकानात आपण ती पाळतो आणि शाळेच्या कमिटीत बसलो की विसरतो. असे का म्हणतो, ते सांगतो.

एका शाळेची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या कमिटीवर मी होतो. शाळेचे नाव घेत नाही. दहावीचा निकाल खाली आला. बैठकीत शेजारच्या शाळेचा निकाल वाचून दाखवला गेला आणि गणित शिकवणाऱ्या सरांकडे बोट दाखवले गेले. सर मला एवढेच म्हणाले, "सेठ, तुम्ही सुती आणि टेरिकॉट एका भावाने तोलत नाही. मग ही पोरं एका तराजूत का तोलता?" त्यांचे म्हणणे मला त्या दिवशी समजले नाही. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. सर गेले. पुढच्या वर्षी निकाल काही वर आला नाही.

सरांच्या बोलण्याचा अर्थ पुढे हिशोब मांडल्यावर कळला. वाचकांनी कागद घेऊन हा हिशोब करावा. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, दोन शाळांतून प्रत्येकी १०० मुले परीक्षेला बसली. पहिल्या शाळेत ८० मुले शिकलेल्या आईबापांची. त्यांतली ६८ पास झाली. २० मुले न शिकलेल्या घरची. त्यांतली ८ पास झाली. एकूण निकाल ७६ टक्के. दुसऱ्या शाळेत शिकलेल्या घरची मुले फक्त २०. त्यांतली १८ पास. न शिकलेल्या घरची ८०. त्यांतली ४० पास. एकूण निकाल ५८ टक्के.

वर्तमानपत्रात पहिली शाळा ७६ आणि दुसरी ५८ असेच छापून येईल. आता आत पाहा. शिकलेल्या घरची मुले पहिल्या शाळेत ८५ टक्के पास, दुसरीत ९० टक्के. न शिकलेल्या घरची पहिल्या शाळेत ४० टक्के, दुसरीत ५० टक्के. म्हणजे दोन्ही प्रकारच्या मुलांना दुसरी शाळाच जास्त यश मिळवून देते, तरी बदनामी तिचीच! आमच्या कमिटीने ताका न उलगडता भाव ठरवला होता.

ही पद्धत आपल्याच मातीतली

पाहणी हे परदेशी खूळ आहे असे कोणी समजू नये. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली. तिथे धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या पाहण्या केल्या. त्यांचे अहवाल १९५५ साली पुस्तकरूपाने निघाले. शाळा सोडलेली मुले काही वर्षांत पुन्हा निरक्षर होतात का, हा त्यांतला एक प्रश्न होता. शाळेच्या हजेरीपटात याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी शाळा सोडून गेलेल्या माणसापर्यंत जावे लागते.

शेतीतही तसेच. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने, आणेवारीने होत असे. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात चिठ्ठी पद्धतीने शेत निवडायचे, त्यातला ठरावीक तुकडा कापायचा आणि धान्य तोलायचे, ही पीक कापणीची पद्धत देशात रुजवली. करमाडच्या परिसरातला कापूस उत्पादक आज पीक विम्याच्या संदर्भात ज्या 'पीक कापणी प्रयोगा'चे नाव ऐकतो, त्याचे मूळ तिथे आहे.

शिक्षणातले अलीकडचे मोठे उदाहरण मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेचे. तिची 'असर' पाहणी २००५ साली सुरू झाली. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातून ३० गावे, प्रत्येक गावातून २० घरे, म्हणजे जिल्ह्याला ६०० घरे. कार्यकर्ते शाळेत न जाता घरी जातात, कारण शाळेत गेले तर गैरहजर मूल सुटते आणि शाळा सोडलेले मूल तर दिसतच नाही. मुलाला अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. २०१८ साली ग्रामीण भारतात पाचवीतल्या ५०.५ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. कोरोनानंतर २०२२ साली हा आकडा ४२.८ वर आला आणि २०२४ साली ४८.८ वर गेला. शाळा बंद राहिल्याची किंमत किती, ती किती भरून निघाली, हे दर वेळी एकच गज वापरल्यामुळे कळले.

पाहणी गैरसमजही मोडते. मुसलमानांची मुले मुख्यतः मदरशातच शिकतात, असे सर्रास बोलले जायचे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आकड्यांनिशी दाखवले की शाळेच्या वयाच्या मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मदरशात जातात. बाकीची साध्या शाळांत आहेत किंवा शाळेबाहेर आहेत. म्हणजे खरे काम कुठे करायचे, ते त्या आकड्याने सांगितले.

नमुना किती घ्यावा, कसा घ्यावा

व्यापारी बंधू विचारतात, किती माणसांना विचारले म्हणजे पुरे? होय-नाही अशा प्रश्नाला चिठ्ठी पद्धतीने निवडलेल्या १०० माणसांना विचारले, तर उत्तरात साधारण १० टक्के इकडे-तिकडे फरक पडू शकतो. ४०० जणांना विचारले, तर ५ टक्के. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. गाव लहान की शहर मोठे, याने त्यात फारसा फरक पडत नाही.

पण निवड चुकीची असेल तर हजारोंना विचारूनही उपयोग नाही. मी स्वतः एकदा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचो, "माल कसा वाटला?" सगळे म्हणायचे, "छान." आणि विक्री मात्र घटत होती. जे येईनासे झाले होते, त्यांना मी विचारतच नव्हतो! शेवटी जुन्या उधारीच्या वहीतून दर दहावे नाव काढले आणि मुलाला त्यांच्या घरी पाठवले. तेव्हा कळले की मालाबद्दल तक्रार नव्हती. बदलून देताना आमच्याकडे कटकट होते, ही तक्रार होती. उधारीची वही ही व्यापाऱ्याजवळची सर्वांत चांगली पाहणी-यादी आहे.

प्रश्न कसे विचारावेत

"आमची सेवा चांगली आहे ना?" हा प्रश्न नव्हे, ती मागणी झाली. "माल आणि वागणूक कशी आहे?" यात दोन प्रश्न एकात बांधले आहेत. एका वेळी एकच गोष्ट विचारावी आणि उत्तराला पाच पायऱ्या द्याव्यात : अगदी पटते, पटते, सांगता येत नाही, पटत नाही, मुळीच पटत नाही. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३२ साली ही पद्धत मांडली.

नोकराचे समाधान किंवा शाळेचे वातावरण मीटरपट्टीने मोजता येत नाही. म्हणून एकाच गोष्टीवर चार-पाच प्रश्न फिरवून विचारतात आणि ती उत्तरे एकमेकांशी जुळतात का, ते पाहतात. यासाठी ली क्रॉनबाख याने १९५१ साली अल्फा नावाचे माप प्रचारात आणले. ते ०.७ च्या वर असले तर प्रश्नांचा संच साधारणपणे भरवशाचा मानतात. आणि नोकरांना मालकाने स्वतः विचारू नये. नाव न लिहिता चिठ्ठी पेटीत टाकायला सांगावे. ज्याच्या हातात पगार आहे त्याला खरे उत्तर कोण देईल?

कारण कोणते, हे कसे ओळखावे

वरच्या उदाहरणात आपण फक्त घरच्या शिक्षणाप्रमाणे मुले वेगळी केली. प्रत्यक्षात कारणे पुष्कळ असतात : आईचे शिक्षण, घरची कमाई, शाळेचे अंतर, हजेरी, शिक्षकांच्या रिकाम्या जागा. ही सारी एकाच वेळी वेगळी करून प्रत्येकाचा वाटा किती, हे काढण्याच्या रीतीला संख्याशास्त्रात प्रतिगमन म्हणतात. आज हे काम साध्या संगणकावर होते. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांनी सहा लाखांवर विद्यार्थ्यांची पाहणी करून दाखवले, की मुलांच्या यशातल्या फरकामागे शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा आहे. त्यावर पुढे बराच वादही झाला.

तिथेच सावधगिरी हवी. दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी वाढली असे नाही. शिकवणी लावणारी मुले जास्त गुण मिळवतात. पण शिकवणी परवडणारे घरच वेगळे असते. एकाच दिवशी घेतलेली पाहणी कारण सुचवते, सिद्ध करत नाही. त्यासाठी तीच मुले वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा तपासावी लागतात.

कमिटीवाल्यांना आणि दुकानदारांना

शेंद्र्याच्या कारखान्यांमुळे करमाडच्या आसपास दुकाने, वर्ग, संस्था वाढल्या आहेत. त्यांच्या चालकांनी एवढे तरी करावे. आधी ठरवावे की नेमके काय जाणून घ्यायचे आहे. पूर्ण यादी हाती घ्यावी, सोडून गेलेल्यांसह. तीतून चिठ्ठीने किंवा दर दहावे नाव घ्यावे. प्रश्न आधी दहा जणांवर वापरून पाहावेत. ज्यांनी उत्तर दिले नाही, त्यांच्याकडे पुन्हा जावे. आणि तुलना करताना सारख्याशी सारखे ठेवावे.

या सगळ्याला खर्च फार नाही. दोन कॉलेजची मुले आणि एक वही पुरते. आम्ही त्या बैठकीत एवढे केले असते, तर एका इमानदार माणसाची नोकरी राहिली असती. माल परत करता येतो, पण गेलेली नोकरी आणि गेलेली अब्रू परत करता येत नाही.