गोडाचे टेबल

घरात लग्न निघाले की पहिला प्रश्न येतो, "गोड काय करायचे?" बुंदीचे लाडू, जिलेबी की बालुशाही? हल्ली आमच्या दिंद्रुडातही मांडवात टेबले मांडून जेवण देतात. त्याला बुफे म्हणतात. पण पंगत असो की टेबल, हिशेब चुकला की फजिती होते.

एका लग्नात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. मुलीची आई सकाळपासून पाव्हण्यांच्या सरबराईत होती. दुपारी चार वाजता ती ताट घेऊन आली. परातीत नुसता चुरा उरला होता. "असू द्या गुरुजी, पाव्हणे तर जेवले ना," ती म्हणाली. सगळ्या गावाने लाडू खाल्ला. लेकीच्या लग्नाचा लाडू आईलाच मिळाला नाही! पहिल्या लोकांनी चार-चार उचलले होते. किती लागतील, हे कोणी मोजलेच नव्हते.

हिशेब लिहा

आता आपल्याला लिहिता येते. मग कागद घ्या. समजा, 300 माणसे जेवणार आहेत. आचारी, वाढपी, वाजंत्री आणि घरच्या बायाही त्यातच मोजा. ऐन वेळी येणारे 30 धरा. झाली 330 माणसे.

माणशी 2 लाडू, म्हणजे 660 लाडू. एक लाडू 40 ग्रॅमचा. सगळे मिळून 26 किलो 400 ग्रॅम.

एक किलो डाळीचे पीठ आणि सव्वा किलो साखर घेतली, तर तळणीचे तेल व पाक धरून साधारण 3 किलो लाडू होतात. म्हणजे पीठ 9 किलो आणि साखर सव्वा अकरा किलो लागेल. आचाऱ्यालाही एकदा विचारून घ्या. एवढेच आणा. गोडाचे पाच-सहा प्रकार दिसले म्हणजे मान वाढतो, असे नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे. लग्नाचे कर्ज लग्नानंतरही उरते.

हंगाम पाहा

वैशाखात आपल्याकडे पारा 40 अंशांच्या वर जातो. अशा उन्हात बासुंदी, खवा, पेढे लवकर नासतात. एरवी दुधाचे पदार्थ दोन तासांहून जास्त उघड्यावर ठेवू नयेत. कडक उन्हाळ्यात तर एकच तास. त्यापेक्षा लाडू किंवा बालुशाही बरी. कार्तिकात लग्न असेल, तर सीताफळे ठेवा. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे आपल्या भागाचे फळ म्हणून त्याची सरकारी नोंद झाली आहे.

टेबल मांडा

टेबल सावलीत मांडा. चुलीपासून आणि हात धुण्याच्या जागेपासून ते दूर असावे. टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या चढणार नाहीत. परातीवर स्वच्छ पातळ कापड झाका. सगळा माल एकदम बाहेर काढू नका. एक परात संपली की दुसरी आणा. लाडू लोकांना उचलू देऊ नका. दोन वाढपी उभे करा. त्यांनी चिमट्याने वाढावे.

ज्याच्या हाताला जखम किंवा गळू आहे, त्याने गोडाला हात लावू नये. जखमेतले जंतू अन्नात जाऊन विष तयार करतात. अन्न पुन्हा उकळले, तरी ते विष जात नाही.

जेवणानंतर कोणाला उलट्या-जुलाब झाले, तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. ते घोट-घोट पाजा. त्रास जास्त वाटला, तर लगेच 108 वर फोन करा. ती गाडी फुकट येते.

शेवटची गोष्ट

पहिली परात टेबलावर जाण्याआधी एक डबा भरा. त्यात घरच्या बाया, आचारी आणि वाढपी यांच्या वाट्याचे लाडू मोजून ठेवा. डब्यावर त्यांची नावे लिहा. शेवटी जेवणाऱ्यालाही पोटभर गोड मिळाले, तरच कार्य नीट पार पडले म्हणायचे.

हिशेब करा

1. बारशाला 110 माणसे येणार. माणशी 2 लाडू द्यायचे. पीठ किती व साखर किती लागेल?
2. तुमच्या घरच्या कार्यात सर्वांत शेवटी कोण जेवते? त्यांची नावे लिहा.